धृपदाच्या आधीचं गाणं

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचं 'वी आर द चॅम्पियन्स' हे हरलेल्यांना हिणवणारं, गर्वाचं गाणं आहे, असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. कप उंचावताना मैदानात फक्त धृपद वाजतं, म्हणून तसं वाटतं. एकदा हेडफोन लावून सुरुवात ऐका. पियानो, सी मायनर ही उदास छटेची स्वरपट्टी, आणि चुका केल्या, शिक्षाही भोगली अशी कबुली देणारा, बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा हळवा आवाज. मग धृपद एफ मेजर या उजळ स्वरपट्टीत उघडतं आणि 'मी'चा 'आम्ही' होतो. अंगावर काटा येतो!

१९७७ साली फ्रेडीने हे लिहिलं तेच फुटबॉल डोळ्यांसमोर ठेवून, लोकांनी सोबत गावं म्हणून. लय सहा-आठची, आपल्या दादऱ्याच्या जवळची, म्हणून तर खांद्याला खांदा लावून डुलता येतं. मूळ ध्वनिमुद्रणात शेवटची ओळ पुरी होतच नाही, अधांतरी सुटते. राहिलेले शब्द आपणच मनात म्हणतो.

आणि हा माणूस पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, तिथल्याच 'द हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवणारा. १९८५ च्या लाइव्ह एड या दुष्काळग्रस्तांसाठीच्या मैफलीत लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर त्याच्यासोबत डुलणारे हजारो हात पाहिले की मला दर वेळी ते पाचगणीचं पोर आठवतं.