उलट भाषांतर चोख जुळलं, पण आत्याचे ‘हो’ थांबेनात

पाटीपेन्सिल :
एम.ए. मानसशास्त्र, शेवटचं वर्ष. प्रबंधासाठी एसपीक्यू ही प्रश्नावली मराठीत आणतेय. स्किझोटायपल, म्हणजे विचार, समजुती आणि वागणं जगावेगळं असण्याची स्वभावलक्षणं मोजायची मानसशास्त्रज्ञ एड्रियन रेन यांची १९९१ ची प्रश्नावली. ७४ प्रश्न, सगळे हो-नाही. नऊ उपविभाग : संशयी वृत्ती, जवळचं कुणी नसणं, विचित्र बोलणं, जगावेगळ्या समजुती वगैरे. जितके ‘हो’ तितके गुण.

मी आणि मैत्रिणीने वेगवेगळी भाषांतरं केली, मग बसून दोन्हींचं एक केलं. इंग्रजी शिकवणाऱ्या एका सरांनी मूळ न बघता ते परत इंग्रजीत नेलं. इतकं जुळलं की पेढेच वाटायचे बाकी होते.

मग घरी आत्याला बसवलं. आत्या पतसंस्थेत हिशेब बघते, दर गुरुवारी केंद्रात जाते, आमच्या घरातली सगळ्यात शहाणी बाई. प्रश्न होता, आसपास कुणी दिसत नसताना एखादी व्यक्ती किंवा शक्ती जवळ असल्याचं जाणवलंय का? घरचा पत्ता सांगावा तसं म्हणाली, “हो. स्वामी आहेतच की पाठीशी.” तिच्या स्कूटीवरही तेच चिकटवलंय. पुढे एका प्रश्नात ज्योतिष, भविष्य दिसणं, उडत्या तबकड्या आणि सहावं इंद्रिय सगळं एकत्र. “तबकड्यांचं माहीत नाही, पण पत्रिका जुळवूनच तर तुझ्या आईबाबांचं लग्न झालं.” झाला आणखी एक हो!

बाबांची वेगळीच गंमत. “तुम्ही लोकांना अलिप्त वाटता का?” यावर ते खूश होऊन म्हणाले, “तसा प्रयत्न असतो.”

गाइड म्हणतात, भाषांतर झालंय ना, फॉर्म वाटायला घे. माझा पाय निघत नाहीये. काय करू?

ओपीडीतला जुना :
आत्यांना काही झालेलं नाही, झालंय ते तुमच्या प्रश्नाला.

डीएसएमचा, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकाचा, निकष नीट वाचा. समजूत नुसती विचित्र असून भागत नाही. ती माणसाच्या वागण्यावर परिणाम करणारी हवी आणि त्याच्या आसपासच्या लोकांच्या रीतीत न बसणारी हवी. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणारी आई माझ्यासमोर रोज बसते, मी पेनसुद्धा उचलत नाही. पण एकाने ठरावीक भाजीवाल्याकडे जाणं सोडलं, कारण वांगी-टोमॅटो ज्या क्रमाने मांडलेत त्यात आपल्यासाठी निरोप असतो म्हणे. तिथे मी खुर्ची पुढे ओढतो. मांडणीतून अर्थ दिसण्याचा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीतही आहे. तो इथे छान चालेल, तबकड्यांचा चालणार नाही.

‘अलिप्त’ काढा. उलट भाषांतरात तो शब्द पास होणारच, पण आपल्याकडे अलिप्त असणं ही संतांची कमाई. तुम्हाला हवाय ‘तुटक’. “तुम्ही तुटक वागता असं लोक म्हणतात का?” विचारा आणि बाबांचा चेहरा बघा.

फॉर्म वाटण्याआधी दहा-पंधरा जणांसमोर बसा. शिकलेले, कमी शिकलेले, शेतावरचे, सगळे घ्या. उत्तर काय दिलं ते नंतर. आधी म्हणा, हा प्रश्न तुमच्या शब्दांत मला सांगा. खरं भाषांतर तिथे सापडतं. आणि शब्द बदलण्याआधी मूळ लेखकाची परवानगी, काय का बदललं त्याची वही, दोन्ही हवं.

शेवटचं. रेन यांच्या मूळ अभ्यासात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या १० टक्क्यांपैकी ५५ टक्के लोकांनाच मुलाखतीत स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान झालं. म्हणजे ती त्यांच्या भाषेतही चाळणीच होती. वरच्या गुणांच्या काही लोकांच्या मुलाखती तुम्हीही घ्या, नाहीतर कसली वैधता?

आकडेमोड :
वरच्यांनी मुद्द्याचं सांगितलंय, मी फक्त आकड्यांचं बोलतो. अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९ आला म्हणून उड्या मारू नका. ७४ प्रश्न असले की अल्फा तसाही फुगतो. शिवाय इथे सगळ्या प्रश्नांना ‘हो’ म्हटलं की गुण वाढतात, एकही उलटा प्रश्न नाही. सगळ्याला मान डोलावणारा माणूसही वर जाऊन बसतो.

उत्तरं हो-नाही आहेत, तेव्हा प्रश्नांच्या पातळीवर घटक विश्लेषण (कोणते प्रश्न एका गटात बसतात ते बघणं) करताना साधा सहसंबंध नको, दोनच पर्यायांच्या उत्तरांसाठी असतो तो टेट्राकोरिक घ्या. दीडशे फॉर्मवर ७४ प्रश्नांचं मॉडेल बसवायला जाऊ नका. उपविभागांची बेरीज घेऊन रेन यांचंच १९९४ चं तीन घटकांचं मॉडेल तपासा. त्यात संशयी वृत्ती दोन घटकांवर टाकलेली आहे. नवखे लोक ती एकावरच टाकतात आणि मग मॉडेल बसत नाही म्हणून रडतात. (मीही रडलोय.)

वऱ्हाडचा पाहुणा :
‘भास’ शब्द असेल तर बघा. आमच्याकडे तो वाचला की माणूस दचकतो, येड्यात काढतात असं समजून सरळ ‘नाही’वर खूण. ‘सावलीला माणूस समजलात असं झालंय का’ एवढंच विचारा.

पाटीपेन्सिल :
परवानगीची मेल काल टाकली. ‘भास’ दोन ठिकाणी होता, काढला. ‘तुटक’ला बाबा गप्प झाले आणि आईने स्वयंपाकघरातून ‘हो’ म्हटलं.

आत्याला पोटप्रश्न विचारला : असं तुलाच जाणवतं, की इतरांनाही? तिने चष्म्यावरून बघितलं. “मला एकटीलाच जाणवलं असतं तर गुरुवारी चप्पल ठेवायला जागा मिळाली असती.”

हे वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलंय. गाइडना सोमवारी दाखवते.