डोळा, कान, दात: पहिला इलाज उपकेंद्रात की सरळ नाशिकला?

दिंडोरीचा बागवाला
मागच्या ऑक्टोबर छाटणीला सुरगाण्याकडची मजुरांची टोळी आमच्या द्राक्षबागेत होती. एका बाईच्या डोळ्याला काडी लागली. तिने पदराचा बोळा करून डोळा शेकला आणि परत कात्री हातात घेतली. संध्याकाळी मुकादमाने मेडिकलमधून ड्रॉप आणून दिले. दोन दिवस आराम वाटला. पाचव्या दिवशी बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. नाशिकला नेलं, महिनाभर औषध चाललं, डोळा राहिला पण फूल पडलं. त्या डोळ्याने आता समोर धरलेली बोटं मोजता येतात, तेवढंच.

उपकेंद्र बागेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. तिथे बीपी, शुगर आणि लसी एवढंच होतं असं मी धरून चाललो. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, त्यांच्या १२ सेवांत डोळे, कान-नाक-घसा आणि दात-तोंडही आहेत, हे मला नंतर कळलं. या तीन दुखण्यांचा पहिला इलाज गावातच व्हावा, असं माझं ठाम मत झालंय. तुम्ही काय म्हणता?

नेत्रतज्ज्ञ, नाशिक
वाईट झालं भाऊ. पण तुमच्याच अनुभवातून मला उलटं दिसतं. दोन दिवस आराम आणि मग ठिपका, म्हणजे त्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी. लाली उतरते, ठणका उतरतो आणि खाली बुरशी मोकळी वाढते. काडी, पात, भुसा लागलेल्या डोळ्यात बुरशीचीच भीती असते. लाल डोळा म्हणजे साथीचे डोळे असू शकतात, बुबुळावरचा व्रण असू शकतो, काचबिंदूचा झटकाही असू शकतो. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, बघितल्याशिवाय मी स्वतः ठामपणे सांगत नाही. अर्धवट इलाजापेक्षा सरळ पाठवलेलं बरं.

समुदाय आरोग्य अधिकारी, सुरगाणा तालुका
सर, मी उपकेंद्रावरच बसते. पाठवलं म्हणून माणूस पोचत नाही. जायचं तर दिवसाचा रोज बुडतो, सोबतीला घरचं एक माणूस लागतं, त्याचाही रोज बुडतो. मी दिलेली चिठ्ठी आठ दिवसांनी रेशन कार्डाच्या पिशवीत जशीच्या तशी घडी केलेली सापडते. मधल्या काळात बाई मेडिकलचा ड्रॉप घालत असते. म्हणजे तुम्ही ज्याला घाबरता तेच होतं.

काडी लागली त्याच दिवशी माझ्याकडे आली तर मी फ्लुरेसीन या रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात बघू शकते. बुबुळ खरचटलं असेल तर तेवढा भाग हिरवा चमकतो. नेपाळात भक्तपूरला गावातल्या आरोग्यसेवकांनी अशा खरचटलेल्या डोळ्यांत तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचं मलम घातलं होतं. २००१ साली तो अभ्यास छापून आला. जे लवकर आले त्यांच्यात व्रण जवळजवळ झालेच नाहीत.

नेत्रतज्ज्ञ, नाशिक
भक्तपूर मला माहीत आहे. पण नेपाळातच पुढे काही गावांत असे सेवक नेमून आणि काहींत न नेमता मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०२२ साली आले. त्यात गावात सेवक नेमल्याने व्रणांचं एकूण प्रमाण घटलेलं दिसलं नाही. तेव्हा मलम ठेवलं की काम झालं, असं कोणी समजू नये.

समुदाय आरोग्य अधिकारी, सुरगाणा तालुका
मान्य. पण सेवक नेमला तरी लोक त्याच्याकडे वेळेवर गेले पाहिजेत. माझ्यासाठी धडा तो आहे. ठणका, नजर कमी, उजेड सहन न होणं, पांढरा ठिपका, यातलं एक जरी असलं तरी मीही त्याच दिवशी पाठवते. आणि स्टेरॉइडचा थेंब मी कुणाच्याच डोळ्यात घालणार नाही.

पंचवटीची आई
डोळ्याचं मला कळत नाही, कानाचं सांगते. माझ्या मुलाचा कान तीन वर्षं वाहायचा. सासूबाई लसूण तापवलेलं तेल घालायच्या, मी गोळ्या आणायचे. शेवटी एका नर्सताईंनी स्वच्छ कापसाची वात करून कान कोरडा कसा करायचा ते शिकवलं. वात ओली झाली की बदलायची, कोरडी निघेपर्यंत. ओल्या पुवात थेंब घातले तर ते आत पोचतच नाहीत, हे तीन वर्षांत कुणी बोललं नव्हतं. यासाठी तज्ज्ञ कशाला हवा होता?

दंतवैद्य, नाशिक रोड
ताई, कानाला तुमचं पटतं. पडद्याला भोक राहिलं का, ऐकू किती येतं, हे मात्र एकदा तज्ज्ञाकडून बघून घ्या. कानामागे सूज आली तर थांबूच नका.

दाताच्या बाबतीत माझा विरोध आहे. ठणकणाऱ्या दाढेला गावात अँटिबायोटिक आणि पेनकिलर मिळते, दुखणं दबतं, कीड आत चालूच राहते. नस सुजलेली असते तिथे अँटिबायोटिकचा उपयोगच नाही. दाढ साफ करायला खुर्ची आणि हात लागतात, आणि दंतवैद्य सहसा ग्रामीण रुग्णालयाहून लहान केंद्रात मिळत नाही. जबडा सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर जिवाशी गाठ असते.

समुदाय आरोग्य अधिकारी, सुरगाणा तालुका
डॉक्टर, दाढ मी करणार नाही. तोंड तर बघू शकते? आमच्याकडे बायका मशेरी लावतात. गुटखा २०१२ पासून बंद आहे तरी पोरांच्या खिशात असतोच. तोंड पुरेसं उघडतं का, म्हणजे उभी तीन बोटं आत जातात का, ते बघायचं, पांढरा चट्टा आहे का बघायचं, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर चिठ्ठी द्यायची.

दंतवैद्य, नाशिक रोड
हे कराच. कॅन्सर घेऊन येणारे फार उशिरा येतात. आणि पोराचा पक्का दात मुळासकट पडला तर दुधात टाकून तासाभरात पाठवा.

दिंडोरीचा बागवाला
नेत्रतज्ज्ञ साहेब, ड्रॉपबद्दल तुमचं बरोबर. त्या मेडिकलवाल्याला मी काहीच विचारलं नव्हतं. पण तुमच्या दवाखान्यापर्यंतचे पाच दिवस कुणाचे? बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याची फवारणी, बनवताना चुना डोळ्यात उडाला तर काय करायचं, हेही टोळीला कुणी सांगितलेलं नाही.

नेत्रतज्ज्ञ, नाशिक
चुन्यात चिठ्ठीची वाट बघू नका. पापणी उघडी धरून अर्धा तास साधं पाणी ओता, मग गाडीत बसवा. हे गावातच व्हायला हवं, इथे माझा आग्रहच आहे.

दिंडोरीचा बागवाला
ताई, एप्रिलच्या खरड छाटणीला हीच टोळी येणार आहे. निघायच्या आधी तुमच्याच गावात त्यांना अर्धा तास सांगाल का? मुकादमाला मी फोन करतो.

समुदाय आरोग्य अधिकारी, सुरगाणा तालुका
सांगते. तुम्ही चष्मे घेऊन ठेवा, साधे प्लॅस्टिकचे चालतील. आणि त्या बाईंना पण बोलवा, दुसरा डोळा मला बघायचाय.