‘मुंबई हाय’ या अरबी समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या नावातल्या ‘हाय’ला मराठीत काय म्हणावे?

भाचीचा भूगोल घेताना अडले. ‘हाय’ म्हणजे भर समुद्र, असे तिने लिहिले. पण तिथे पाणी तर जेमतेम ७५ मीटर. मग उंच आहे तरी काय?

---

उंच आहे ते तळाच्या खाली. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळ जवळपास सपाटच आहे, पण त्याखालचे थर कासवाच्या पाठीसारखे वर आलेले आहेत. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात तेलासाठी खोदणाऱ्या तराफ्याला तेल लागले ते या पाठीवर. म्हणून मी ‘उंचवटा’ म्हणतो. ‘उच्च’ नको, ते विशेषण. इथे नाम हवे. ‘टेकडी’ म्हटले की चढण डोळ्यांसमोर येते.

---

‘घुमट’ कसा वाटतो?

---

घुमट चहूबाजूंनी सारखा उतरतो. हा उंचवटा वायव्येकडून आग्नेयेकडे लांबट पसरलाय, आणि पूर्वेची बाजू प्रस्तरभंगांनी, म्हणजे खडकाचे थर जिथे तुटून सरकलेत अशा भेगांनी, तुटलेली आहे. ‘उंचवटा’च बरा.

खरी गफलत ‘तेलाचा साठा’ या शब्दाने होते. ऐकणाऱ्याला वाटते, खाली तेलाचे तळे आहे. मुख्य तेल आहे मायोसीन काळातल्या, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, चुनखडकात. घावन तव्यावरून काढून उजेडात धरा, ती जाळी दिसते ना? त्यावर तूप सोडले तर ते वर साचत नाही, जाळीत शिरते. चुनखडक पाण्यात विरघळून त्यातही अशी पोकळी तयार झाली आहे, आणि तेल त्यात भरलेले आहे. यासाठी आपल्याकडे ‘मुरलेले’ हा नेमका शब्द आहे, तो वापरायला हवा. तेल पाण्याहून हलके, म्हणून छिद्राछिद्रांतून वर सरकत उंचवट्याच्या माथ्याकडे येते. वरचा शेलचा, म्हणजे चिखल दाबून झालेल्या घट्ट खडकाचा, थर त्याला पुढे जाऊ देत नाही. त्या थराला सरळ ‘झाकण’ म्हणावे.

---

मग ‘तेलविहीर’ही चुकीचा?

---

विहीर म्हटली की कठडा आणि रहाट आठवतो, हे खरे. कामाच्या दृष्टीने ‘कूपनलिका’ जवळचा. पण ‘तेलविहीर’ इतका रुळलाय की तो मोडू नये.

एक शब्द मात्र सुचवतो. या क्षेत्राचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग मानतात, कारण मधे शेलने बुजलेला पट्टा आहे आणि त्यातून तेल सहजी पलीकडे जात नाही. त्याला ‘अडथळा’ म्हणण्यापेक्षा शेतातल्यासारखा ‘बांध’ म्हणा. भाचीला लगेच कळेल.