‘ग्रीक पंडित आणि रोमन गवंडी’ या विधानाला उत्तर

निवृत्त_अभियंता

काल येथे कोणीतरी लिहिले की ग्रीकांनी विचार केला आणि रोमनांनी विटा रचल्या; थोडक्यात, ग्रीक ते पंडित आणि रोमन ते गवंडी. त्याखाली अनेकांनी माना डोलावलेल्या पाहून रात्री झोप लागेना, म्हणून हे लांबलचक उत्तर. मी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात 31 वर्षे काढली. रोमनांनी गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) नीम शहराला सुमारे 50 किलोमीटरवरून केवळ उताराच्या जोरावर पाणी आणले, आणि तो उतार सरासरी किलोमीटरला 25 सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर होता. आमच्याकडे पंप, वीज आणि सल्लागार असूनही टेकडीवरच्या गल्लीत पाणी चढत नसे. रोममधल्या पँथिऑन या देवालयाचा 43 मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट घ्या. त्यात एकही लोखंडी सळई नाही. खालच्या थरांत जड दगड आणि माथ्याकडे हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड वापरून वजन कमी करत नेले आहे, आणि तो सुमारे 1900 वर्षे उभा आहे. यात ज्यांना विचार दिसत नाही, त्यांनी विचार कशाला म्हणतात ते एकदा सांगावे.

पाटीपेन्सिल

ते विधान माझेच. मी भूमिती शिकवते. एखादी गोष्ट खरी आहे एवढ्याने न थांबता ती खरी का आहे हे पायरीपायरीने सिद्ध करण्याचा हट्ट ग्रीकांनी धरला, आणि तुमच्या घुमटाचा गोलही त्याच भूमितीतला आहे. त्या गोलाचे घनफळ काढणाऱ्या ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीजला इ.स.पू. 212 मध्ये सिसिली बेटावरचे त्याचे ग्रीक नगर सिराक्यूज पडल्यावर एका रोमन सैनिकाने ठार केले. शिवाय पाणी आणण्याचा एवढा अभिमान असेल, तर ग्रीकांच्या सामोस बेटावरचा, युपॅलिनोस या अभियंत्याचा पाण्याचा बोगदा पाहा. इ.स.पू. सहाव्या शतकात, रोम हे अजून एक लहान नगर असताना, 1036 मीटरचा डोंगर दोन्ही बाजूंनी पोखरत माणसे मध्यभागी एकमेकांना भेटली.

निवृत्त_अभियंता

आर्किमिडीजचे नाव काढलेच आहे, तर पुढचेही सांगा. इ.स.पू. 75 मध्ये रोमन वक्ता सिसेरो सिसिलीत अधिकारी असताना त्याने आर्किमिडीजचे थडगे शोधले. सिराक्यूजचे लोक ‘असे काही येथे नाहीच’ म्हणत होते. काटेरी झुडपांतून डोकावणाऱ्या एका खांबावर आर्किमिडीजची खूण असलेले गोल आणि दंडगोल कोरलेले त्याला दिसले, आणि त्याने विळेवाले पाठवून जागा मोकळी करून घेतली. विसरले ते ग्रीक आणि शोधले ते रोमनाने. इ.स. 97 मध्ये रोमच्या पाणी खात्याचा प्रमुख झालेला फ्रॉन्टिनस तर आपल्या जलवाहिन्यांची यादी देऊन लिहितो की यांच्याशी त्या निरुपयोगी पिरॅमिडांची किंवा ग्रीकांच्या नावाजलेल्या पण बिनकामाच्या वास्तूंची तुलना करून पाहा.

कऱ्हाकाठ

त्याच फ्रॉन्टिनसने आपल्या खात्याबद्दल काय लिहिले आहे, ते आपण सोयीस्करपणे गाळलेत. नळजोडणी नव्या मालकाच्या नावावर झाली की कर्मचारी टाकीला नवे भोक पाडत, जुने तसेच ठेवत आणि त्यातले पाणी विकत. रस्त्याखालून चोरून नळ्या टाकून जागोजागी पाणी फोडणारेही होतेच. आमच्या गल्लीत आजही हेच चालते. शेजारी थेट वाहिनीला मोटर लावतो, आणि तक्रार घेऊन गेलो की साहेब जेवायला गेलेले असतात.

निवृत्त_अभियंता

साहेब जेवायला गेले होते की त्याच शेजाऱ्याची मोटर जप्त करायला गेले होते आणि नगरसेवकाच्या दूरध्वनीवरून परत आले होते, हे आपल्याला ठाऊक नाही. मी अशा एकोणीस मोटरी स्वतः उचलल्या आहेत आणि त्यापायी दोनदा बदली भोगली आहे. फ्रॉन्टिनसने चोरी लपवली नाही, ती लिहून ठेवली. सगळेच कर्मचारी चोर ठरवणार असाल, तर मला आपल्याशी बोलायचेच नाही.

कऱ्हाकाठ

मी आपल्याला चोर म्हटलेले नाही. टोपी आपल्याला बसली असेल, तर तो टोपीचा दोष नाही.

आखातवासी

कृपया नळ बंद करा. मी 22 वर्षे एका आखाती देशात आहे, मुलगी येथेच जन्मली, तरी आमचा मुक्काम व्हिसावरच आहे, नागरिकत्व नाही. त्यामुळे मला ग्रीक आणि रोमन यांतला खरा फरक वेगळाच दिसतो. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या इ.स.पू. 451 च्या कायद्याने आईवडील दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व मिळे. ॲरिस्टॉटल तेथे शाळा चालवी, पण परका म्हणून जमीन घेऊ शकत नव्हता. उलट इ.स. 48 मध्ये सम्राट क्लॉडियसने गॉलच्या सरदारांना सिनेटमध्ये घ्यावे म्हणून भाषण केले. रोमन इतिहासकार टॅसिटसने दिलेल्या त्या भाषणात तो म्हणतो की स्पार्टा आणि अथेन्स बुडाले, कारण त्यांनी जिंकलेल्यांना परकेच ठेवले. इ.स. 212 मध्ये सम्राट कॅराकॅलाने तर साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र माणसांना नागरिक केले.

पाटीपेन्सिल

ते औदार्य करवसुलीसाठी होते, असे कॅसियस डायो हा त्याच काळातला इतिहासकारच लिहितो. गुलाम वगळलेले होतेच. शिवाय आपण एका नगराची तुलना अख्ख्या साम्राज्याशी करत आहात. तरीही आपल्या मुलीसाठी अथेन्सपेक्षा रोम बरे ठरले असते, एवढे मला मान्य करावेच लागेल, आणि ते मला आवडलेले नाही.

निवृत्त_अभियंता

रात्री सामोसच्या बोगद्याची आकृती शोधून पाहिली. मध्याजवळ दोन्ही बाजूंच्या खोदकामाने मुद्दाम वळण घेतले आहे, म्हणजे मोजणीत चूक झाली असती तरी वाटा एकमेकींना छेदल्याच असत्या. हे ज्याला सुचले तो आमच्या खात्यातला माणूस होता. ग्रीकांत तो चुकून जन्मला असावा.

पाटीपेन्सिल

तेवढी कबुली पुरे. ‘गवंडी’ हा शब्द मी मागे घेते. ‘कंत्राटदार’ चालेल काय?