गौरीच्या अंगणातील झुडूप: कौटुंबिक ग्रुपवरील चर्चा

गौरी: सर्वांना नमस्कार. आम्ही एप्रिलच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातील या घरात राहायला आलो, तेव्हा आजूबाजूची बहुतेक झाडे निष्पर्ण होती. परंतु मागच्या बाजूला, रानाला लागून असलेले एक झुडूप मात्र हिरवेगार होते. ते माझ्या डोक्यापेक्षा हातभर उंच आहे. आता जूनचा पहिला आठवडा सुरू आहे आणि त्यावर पांढऱ्या-फिकट गुलाबी फुलांचे गुच्छ आले आहेत. तीन फोटो पाठवत आहे. हे कोणते झाड असावे, याची कोणाला कल्पना आहे का?

मंदार: तुझे फोटो मी मोबाइलवरील अ‍ॅपला दाखवले. पहिल्या फोटोवरून त्याने रोडोडेंड्रॉन असे सांगितले आणि दुसऱ्यावरून माउंटन लॉरेल. लॉरेलची पाने म्हणजे पाश्चात्त्य स्वयंपाकातील तमालपत्र, असे माझ्या वाचनात आले आहे. त्यामुळे शैलामामी, तुमच्या मसालेभाताची सोय झाली म्हणायची.

शैला: मलाही ती पाने तमालपत्रासारखीच वाटली होती. सकाळीच दोन तोडून ओट्यावर ठेवली आहेत.

सुधीर: वहिनी, ती पाने कृपया भातात घालू नका आणि छोट्या ओवीच्या हाती लागतील अशी ठेवूही नका. झाडाचे नाव नंतर ठरवू. आधी त्यातले एक पान चुरगळून त्याचा वास घ्या आणि पाठीमागून शिरा पाहा. गौरी, तू फुलांपाशी जा आणि एकच फूल जवळून, आतून दिसेल असा फोटो काढ. गेल्या वर्षीची वाळलेली बोंडे फांदीवर असतील तर त्यांचाही फोटो हवा. फुलाचा देठ बोटांत धरून तो कसा लागतो, तेही सांग.

शैला: पान चुरगळले. ओल्या पाल्याचा येतो तेवढाच वास आहे, मसाल्याचा अजिबात नाही. मधोमध एकच ठळक शीर दिसते.

सुधीर: मग ते आपले तमालपत्र नाही, हे येथेच निश्चित झाले. आपल्या डब्यातले पान काढून पाहा; त्यात देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतील, कारण ते दालचिनीच्या जवळचे झाड आहे. पाश्चात्त्यांच्या तमालपत्राला मध्यशीर एकच असते खरी, परंतु ते चुरगळल्यावर सुगंध येतोच.

गौरी: काका, फोटो पाठवले आहेत. देठ चिकट लागतो आणि त्यावर बारीक लव आहे. कळ्या तर इतक्या गमतीशीर आहेत, की आईने त्यांना पाहताक्षणी “उकडीचे मोदक” म्हटले. बाजूने तशाच चुण्या आहेत. उमललेले फूल वाटीसारखे उथळ आहे, पाकळ्या सुट्या नाहीत, आणि आत छत्रीच्या काड्यांसारखे दहा तंतू मधून कडेकडे वाकलेले आहेत. त्यांची टोके वाटीच्या भिंतीत घुसल्यासारखी दिसतात.

सुधीर: तू वर्णन असे केलेस, की फोटो उघडण्यापूर्वीच उत्तर मिळाले. हे काल्मिया लॅटिफोलिया, म्हणजेच माउंटन लॉरेल. अ‍ॅपचे दुसरे उत्तर बरोबर होते, मात्र त्या नावातल्या “लॉरेल” या शब्दाचा तमालपत्राशी काहीही संबंध नाही. पाने वरवर तशी दिसतात म्हणून ते नाव चिकटले, एवढेच. हे हीथ कुळातले, रोडोडेंड्रॉन आणि ब्लूबेरी यांच्या गोतावळ्यातले सदाहरित झुडूप आहे.

खरी ओळख त्या दहा खळग्यांत आहे. प्रत्येक पुंकेसराचे टोक, म्हणजे परागकोश, वाटीच्या भिंतीतील एकेका खळग्यात अडकलेले असते आणि फूल उमलताना तंतू धनुष्यासारखा ताणला जातो. भुंग्याचा पाय लागला की तो सुटतो आणि पराग भुंग्याच्या अंगावर उडतात. टाचणीने एका तंतूला हलकेच स्पर्श करून पाहा. रोडोडेंड्रॉनमध्ये ही रचना नसते. त्याचे फूल अधिक मोठे असते, त्यातले पुंकेसर मोकळे असतात आणि पानेही बरीच लांब असतात. तुमच्याकडच्या रानात त्याची एक रानटी जात आहे, परंतु ती साधारण जूनअखेरीस आणि जुलैत फुलते. बोंडांचा फोटो पाहिला. पाच कप्प्यांची ती वाळकी बोंडेही काल्मियाशी जुळतात.

नावाची हकिकतही सांगतो. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने आपला शिष्य पेर काल्म याला उत्तर अमेरिकेत वनस्पती गोळा करण्यासाठी पाठवले होते; तो 1748 ते 1751 या काळात तिकडे हिंडला आणि गुरूने या वनस्पतींना त्याचे नाव दिले. 1933 पासून हे तुमच्या पेनसिल्व्हेनियाचे राज्यपुष्प आहे, त्यामुळे तुमच्या अंगणात ते पाहुणे नसून तुम्हीच त्याच्याकडे राहायला गेला आहात.

नंदा: सुधीर, रोडोडेंड्रॉन म्हणजे उत्तराखंडातला बुरांश ना? आपण नैनितालला त्याचे सरबत प्यायलो होतो. मग त्याच कुळातल्या या पानांना तू इतका का घाबरतोस?

सुधीर: ताई, वांगे आणि धोतरा हेही एकाच कुळातले आहेत. बुरांशच्या पाकळ्यांचे सरबत तिकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, परंतु ते पाकळ्यांचे असते, पानांचे नव्हे. काल्मियाच्या पानांत, फुलांत आणि मधुरसातही ग्रेयानोटॉक्सिन नावाचे विष असते. ते पोटात गेल्यास लाळ सुटते, उलट्या होतात, नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरतो. मेंढ्या-शेळ्या त्याने मरतात. नुसता हात लावल्याने काही होत नाही. ओवीने फुले भातुकलीत घेऊ नयेत आणि तोडली तर हात धुवावेत, एवढे पुरे. झुडूप उपटण्याची मुळीच गरज नाही. त्याच्या मुळ्या उथळ असतात आणि त्याला आम्लधर्मी माती लागते, म्हणून बुंध्याशी खणू नका आणि चुना टाकू नका. खाली पडलेला पाचोळा तसाच राहू द्या.

मंदार: मामा, मसालेभाताविषयीचे माझे विधान मी मागे घेतो.

गौरी: टाचणीचा प्रयोग केला. फुलाखाली काळी ओढणी धरली होती. तंतू इतक्या झटक्यात उडाला, की तो हलताना दिसलाच नाही. ओढणीवर मात्र पांढरट ठिपके पडले. ओवीने दहाही तंतू मला एकेक करून उडवायला लावले आणि आता ती दुसरे फूल मागत आहे.

शैला: दोन्ही पाने कचऱ्यात टाकली आणि ओटा पुसून घेतला. नंदाताई, पुढच्या महिन्यात तुमच्याकडून कोणी इकडे येणार असेल, तर तमालपत्राची एक पुडी पाठवा. तीन शिरांची.