दुसऱ्या वाचनात कोण भेटलं?

कर्णावरची 'मृत्युंजय' ही कादंबरी मी नववीत असताना वाचली. दोन रात्री झोप नव्हती आणि शेवटी ढसाढसा रडलो होतो. परवा तीस वर्षांनी ती पुन्हा वाचून संपवली. तिच्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडाने बोलतात, पण शाळेत असताना मला एकटा कर्णच ऐकू आला होता. या वेळी शोणापाशी अडकलो. दादाच्या रथामागे धावत सुटलेलं ते पोर! त्याचं पुढचं सगळं आयुष्यही तसंच दादाच्या मागे गेलं. मीही घरात धाकटाच, तरी तेव्हा ते दिसलं नव्हतं. भाषा मात्र आता जड झाली. एकेका सूर्योदयाला इतकी विशेषणं की मी पानं उलटत गेलो. शिवाय द्यूतसभेतलं कर्णाचं वागणं तेव्हा मी त्याच्या अपमानाच्या खाती टाकून मोकळा झालो होतो, आता तसं होता येईना.

तुमचं काय झालं? गाजलेली कादंबरी पुन्हा हातात घेतल्यावर काय टिकलं, काय गळालं, कोण नव्याने दिसलं? आवडली नसेल तर तेही लिहा, फक्त का ते सांगा.

*

'कोसला'. विसाव्या वर्षी वाटलं होतं, हे माझंच कुणीतरी चोरून लिहिलंय. पांडुरंग सांगवीकर बापाबद्दल जे जे बोलतो त्याला माझं अनुमोदन होतं. आता माझा मुलगा बाहेरगावी होस्टेलवर आहे आणि दर महिन्याला पैसे मी पाठवतो. या खेपेला पांडुरंग पुण्यात पैसे उडवायला लागला की मी मनातल्या मनात हिशोब मांडत होतो. एवढ्या पैशासाठी शेतात काय काय राबावं लागलं असेल, हा विचार पहिल्या वाचनात एकदाही आला नव्हता. कादंबरी 1963 ची, तेव्हा नेमाडे पंचविशीतले. बाप त्यांनी पोराच्या नजरेतूनच लिहिलाय, तरी मला त्या नजरेपलीकडचा बाप दिसत राहिला, हे कसं साधलं असेल कोण जाणे.

पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं मात्र जशीच्या तशी आहेत. तिथे माझं वय काही कामाला आलं नाही. पुस्तक मिटून बाहेर चक्कर मारून आलो.

*

मी 'कोसला' तीनदा सुरू केली आणि तीनदा सोडली. पांडुरंगच्या बोलण्यातले ते सततचे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' मला दाराबाहेरच ठेवतात. ज्यांना आवडते ते इतक्या जिव्हाळ्याने बोलतात की आपल्यातच काही कमी आहे असं वाटायचं. वरचा अनुभव वाचून चौथ्यांदा घेईन, पण या वेळी मनीपर्यंत तरी पोचायचं ठरवलंय.

*

'शाळा'बद्दल बरेच दिवस कुणाशी तरी बोलायचं होतं. 2004 साली आली तेव्हा मी कॉलेजात होते आणि आमच्या अख्ख्या ग्रुपने ती वाचली. मुकुंद, त्याचे मित्र, नववीचा वर्ग, सगळं इतकं खरं होतं की मी मोठमोठ्याने हसत वाचली. आवडली, आजही आवडते. बोकिलांनी त्या वयाची भाषा जशी पकडलीय तशी फार थोड्यांना जमलीय.

पण गेल्या वर्षी पुन्हा वाचताना मी शिरोडकरच्या, म्हणजे मुकुंदला आवडणाऱ्या मुलीच्या बाजूने वाचायला लागले. मुकुंद तिच्या जाण्यायेण्याच्या वेळा पाहतो, तिच्या मागावर असतो, आणि ते आपल्याला गोड वाटतं, कारण सांगणारा तो आहे. माझ्या मागेही त्या वयात एक मुलगा असायचा. त्याने कधी काही वाईट केलं नाही, तरी मी रस्ता बदलला होता. शिरोडकरने रस्ता बदलला असेल का, तिला मजा वाटली असेल की धडधड झाली असेल, हे आपल्याला फक्त मुकुंदकडूनच कळतं. हा दोष आहे असं मी म्हणत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला जेवढं दिसतं तेवढंच लिहिणं हा प्रामाणिकपणाच आहे. तरीही तिची एक वही कुठेतरी असावी असं फार वाटलं.

आणखी एक, आणीबाणी! पहिल्या वेळी ती भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी मागे होती, या वेळी प्रत्येक मोठ्या माणसाच्या बोलण्यात ऐकू आली.

*

'स्वामी' आईने हातात दिली होती. माधवराव पेशवे आणि रमाबाई यांच्यातला जिव्हाळा वाचून मी हरखून गेले होते आणि रमाबाईंचं सती जाणं मला तेव्हा प्रेमाचा कळस वाटलं होतं. आता ते प्रकरण वाचवेना. सती गेल्या हा इतिहास आहे, लेखक तो बदलू शकत नाही. माझा राग स्वतःवर आहे, तेव्हा मला त्यात सुंदर काय वाटलं? माधवराव 1772 मध्ये गेले ते जेमतेम सत्ताविसाव्या वर्षी. माझा धाकटा भाऊ आज त्याहून मोठा आहे.

*

वरच्या ताईंना: मला तिथे आजही सुंदरच वाटतं, आणि त्याची लाज वाटत नाही. मी सतीचं समर्थन करत नाही. अठराव्या शतकातल्या बाईचं मन त्या काळातच ठेवून वाचावं, एवढंच म्हणणं. पण तुमचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये, हेही खरं.

*

'ययाति'. कचाची वाक्यं मी वहीत उतरवून घेत असे. आता ती वाक्यं आली की गोष्ट थांबते आणि प्रवचन सुरू होतं असं वाटतं. खांडेकरांवर माझा जीव आहे म्हणून हे लिहायला जड जातंय. पण देवयानी! तिचा मी तेव्हा मनापासून द्वेष केला होता. ज्याच्यावर जीव लावला तो विद्या घेऊन निघून गेला, मैत्रिणीने विहिरीत ढकललं, आणि ज्याने हात धरून बाहेर काढलं तोही पुढे तिचा उरला नाही. तिचा ताठा मला आता वेगळा दिसतो.

*

'बनगरवाडी' अकरावीत वाचली आणि म्हटलं, यात घडतं काय? पुढे माझी पहिली नोकरी एकशिक्षकी शाळेवर लागली. पोरं यायची नाहीत, मग त्यांच्या घरी जाऊन बसायचं, हळूहळू माणसं आपल्याशी बोलायला लागायची. दुसऱ्या वाचनात माडगूळकरांचा मास्तर माझ्या शेजारी बसलेला होता. जोडीला दुसरा बैल नाही म्हणून शेकूची बायको स्वतः जुवाला खांदा लावते, तो प्रसंग अकरावीत माझ्या डोळ्यांखालून गेलाच असणार, पण मला तो अजिबात आठवत नव्हता. माडगूळकर तिथे आवाज चढवत नाहीत, दोन शब्द जास्तीचे लिहीत नाहीत. म्हणूनच बहुधा माझ्या हातून तो निसटला होता. शेवटी दुष्काळात वाडी रिकामी होते तिथे आलो की मी अजूनही वेग कमी करतो.