शब्दचर्चा : ज्याचं मन खात नाही, त्याला काय म्हणायचं?

पांझराकाठ, धुळे
आमच्या वाचनगटात मागच्या बैठकीला 'पॅथॉक्रसी' या शब्दाला मराठीत काय म्हणायचं, यावर गाडी अडली. पोलंडचे मानसशास्त्रज्ञ आंद्झेय वोबाचेव्स्की यांचा हा शब्द. नाझींचा ताबा आणि त्यामागून आलेली कम्युनिस्ट राजवट, दोन्ही त्यांनी पोलंडात राहून भोगल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक समाजात थोडी माणसं अशी असतात की दुसऱ्याचं दुःख त्यांना कळतं, पण लागत नाही. ही माणसं सत्तेच्या जागा हेरतात, आपल्यासारखे बरोबर ओळखून जवळ करतात, ज्यांना लाज वाटते त्यांना एकेक करून बाहेर काढतात आणि शेवटी अख्खा कारभार त्यांच्या स्वभावावर जातो. अशी राजवट म्हणजे पॅथॉक्रसी.

राजवटीला शब्द मागाहून शोधू, आधी माणसाला हवा. 'अविवेकी' म्हटलं की डोळ्यापुढे येतो तो मागचापुढचा विचार न करता जमीन विकून गाडी घेणारा. हा तसा नाही, हा पुढच्या दोन निवडणुकांचं गणित मांडून बसलेला असतो. 'निर्लज्ज'ही बसत नाही, कारण लाजल्याचं सोंग याला झकास येतं. 'नीतिभ्रष्ट' म्हणावं तर भ्रष्ट व्हायला आधी काही असावं लागतं.

विनंती एवढीच की जिल्ह्यातली नावं नकोत. शब्दावर बोलू.

कटिंग चहा, भुसावळ
निगरगट्ट. विषय संपला.

पांझराकाठ, धुळे
भाऊ, निगरगट्ट माणूस होतो. मला मुळातच तसा असलेला हवाय.

अमळनेरची ताई
मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

आपल्याकडचे शब्द एका ओळीत मांडून बघा: निर्ढावलेला, सरावलेला, सोकावलेला, मुरलेला, पोचलेला. सगळे 'झालेले' आहेत. कोडगासुद्धा मार खाऊन खाऊन कोडगा होतो, आया पोरांना तसंच म्हणतात. म्हणजे टोचणी प्रत्येकाला असते आणि वापरात झिजते, हे मराठीने गृहीतच धरलंय. जन्मजात नसलेल्यासाठी म्हणावा तर 'उलट्या काळजाचा' हा एक शब्द आठवतो, पण तो आपण मारकुट्या, क्रूर माणसाला लावतो. हा गृहस्थ कुणावर हात उगारत नाही. उलट तुमच्या घरी कुणी गेलं की द्वारदर्शनाला सगळ्यात आधी हाच येतो. सतरंजीवर मांडी घालून बसतो, गेलेल्याचं नाव, त्याचं शेत कोणत्या शिवारात होतं, सगळं सांगतो, डोळेही पुसतो. गाडीत बसल्यावर ड्रायव्हरशेजारच्या माणसाला विचारतो, "या घरात किती मतं?"

शास्त्रात याला सायकोपथी म्हणतात. कॅनडाचे रॉबर्ट हेअर यांनी त्यासाठी २० मुद्द्यांची तपासणी-यादी केली. प्रत्येक मुद्द्याला ० ते २ गुण, एकूण ४०, आणि उत्तर अमेरिकेत साधारण ३० च्या वर गेला तर तो माणूस त्यात धरतात. वरवरची मोहिनी, सराईत खोटं, पश्चात्ताप नसणं, दुसऱ्यावर पोसलं जाणं असे मुद्दे आहेत त्यात. पण ही तपासणी प्रशिक्षित माणसाने समोर बसून, जुनी कागदपत्रं चाळून करायची असते. टीव्हीवर भाषण ऐकून 'हा सायकोपॅथ' असं ठरवायची नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर उद्या ज्याला त्याला आपला विरोधक त्यात दिसायला लागेल.

कोर्टकचेरी, जळगाव
कायद्याच्या मराठीत डोकावलं तर गंमत सापडते. मंत्री शपथ घेतात तेव्हा कर्तव्यं 'निष्ठापूर्वक व शुद्ध बुद्धीने' पार पाडीन असं म्हणतात. हिंदीत त्याच जागी 'शुद्ध अंतःकरण' आहे. घटनेच्या कलम २५ मध्येही आपल्याकडे 'सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य'. म्हणजे हिंदीने ही चीज काळजात ठेवली, आपण बुद्धीत. आणि तुम्ही ज्या माणसाबद्दल विचारताय त्याला बुद्धी तर रग्गड आहे! म्हणून 'विवेकहीन' हा शब्द त्याच्यावर बसत नाही.

बोलीत आपण बुद्धीला मधे आणतच नाही. 'जनाची नाही तर मनाची तरी बाळग', बस्स. यात लगाम दोन आहेत हे लक्षात घ्या. एक बाहेर, एक आत. आतला मुळातच नाही अशा माणसाला फक्त बाहेरचा धरून ठेवतो.

'अंतरात्म्याचा आवाज' मात्र नको. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीनुसार मत द्यायला सांगितलं, पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले, व्ही. व्ही. गिरी निवडून आले आणि काँग्रेस फुटली. तेव्हापासून राजकारण्याला आतला आवाज आला म्हटलं की लोक गालात हसतात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून तर त्या आवाजालाही आकडा जुळवावा लागतो. आधी एकतृतीयांश आमदारांना एकदम ऐकू आला तर चालायचा, २००३ पासून दोनतृतीयांशांना यावा लागतो.

कटिंग चहा, भुसावळ
वकीलसाहेब, हे भारी.

जुना गटसचिव, चोपडा तालुका
आमच्याकडे अहिराणीत सरळ म्हणतात, "त्यानं मन खात नही." म्हणजे त्याचं मन त्याला खात नाही. एवढ्यात सगळं आलं.

आता ही माणसं वर कशी जातात ते माझ्या बाजूने सांगतो, कारण माझी नोकरी गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या संस्थांमध्ये गेली. लोकांना वाटतं मोठ्या भाषणाने सत्ता मिळते. आमच्याकडे ती मार्चअखेरीला मिळते. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं. शेतकऱ्याकडे रोकड नसते, मग दोन दिवसांसाठी कुणाकडून पैसे उचलून नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं घ्यायचं. कुणाचं नवं-जुनं होऊ द्यायचं आणि कुणाला थकीत ठेवायचं, हे ज्याच्या हातात, तो गावाचा मालक. थकबाकीदाराला सोसायटीच्या निवडणुकीत उभं राहता येत नाही. म्हणजे विरोधात कोण उभं राहणार हे फॉर्म भरायच्या आधीच मार्चात ठरलेलं असतं. पुढे जिल्हा बँकेच्या निवडणुकीसाठी सोसायटीचा ठराव लागतो, कुणाच्या नावाने ठराव करायचा तेही संचालक मंडळ ठरवतं. मग ठरावात ज्याचं नाव, त्या मतदाराला फुटू नये म्हणून मतदानापर्यंत देवदर्शनाला नेऊन ठेवायचं. पुढची शिडी तुम्हाला माहीत आहे.

यात सगळं कायद्याने बसतं. फक्त एखाद्या विधवेला मुद्दाम थकीत दाखवताना हात थरथरला पाहिजे. ज्याचा थरथरतो तो मागे राहतो, म्हणतो, जाऊ द्या, मला नको चेअरमनकी. ज्याचा थरथरत नाही तो पुढे जातो. चाळणीच तशी लावलेली आहे, त्याला कोण काय करणार!

पांझराकाठ, धुळे
नाना, तुमची थकबाकीची आणि ठरावाची गोष्ट वाचून मॉस्को आठवलं. एप्रिल १९२२ मध्ये स्टॅलिन पक्षाचा सरचिटणीस झाला तेव्हा बाकीच्या पुढाऱ्यांना ते कारकुनी काम वाटलं होतं: नेमणुका, बदल्या, फायली. त्यांना भाषणं आणि सिद्धांत प्यारे. जानेवारी १९२३ मध्ये आजारी लेनिनने लिहून ठेवलं की हा माणूस उद्दाम आहे, याला या पदावरून हलवा. ते कुणी मनावर घेतलं नाही. प्रत्येकाला दुसऱ्याचा काटा काढायला स्टॅलिन हवा होता.

जर्मनीतही तेच. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाची मतं जुलैपेक्षा घटून ३३ टक्क्यांवर आली होती. बहुमत त्याला मोकळ्या निवडणुकीत कधी मिळालंच नाही. ३० जानेवारी १९३३ ला त्याला चान्सलर केलं ते फॉन पापेन यांच्यासारख्या शिष्ट, सभ्य पुढाऱ्यांनी. याला आपण खिशात ठेवू असं त्यांना वाटत होतं. दोन महिन्यांच्या आत, २३ मार्चला, सगळे अधिकार त्याच्या हाती देणारा कायदा राइशटागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर झाला. कम्युनिस्ट सदस्यांना आधीच बाहेर ठेवलं होतं, विरोधात मत दिलं ते एकट्या सोशल डेमोक्रॅटांनी. ते ४४४ सगळे टोचणी नसलेले होते का?

केळीबाग, रावेर
नव्हते. इथेच तुमची चर्चा चुकीच्या झाडाला पाणी घालतेय असं वाटतं.

आमच्याकडे केळीवर हरण्या रोग येतो, सीएमव्ही या विषाणूचा. रोगट खोड एक-दोनच असतात. पण ते खोड काही चालत दुसऱ्या खोडाकडे जात नाही. नेतो तो मावा. आणि मावा राहतो बांधावरच्या काकडी-भोपळ्याच्या वेलावर, आपणच हौसेने लावलेल्या. खोड उपटून बाग वाचत नाही, माव्याचंही बघावं लागतं. तुम्ही सगळे त्या एका खोडाला नाव शोधताय. माव्याला काय म्हणता ते सांगा!

अमळनेरची ताई
दादा, मुद्द्याचं बोललात. न्यूरेंबर्गच्या खटल्यावेळी (१९४५-४६) नाझी पुढाऱ्यांना तपासायला दोघे अमेरिकन होते, मानसोपचारतज्ज्ञ डग्लस केली आणि मानसशास्त्रज्ञ गुस्ताव्ह गिल्बर्ट. शाईच्या डागांची रोर्शाक चाचणी दोघांनी घेतली. कैदी तेच, डाग तेच, आणि निष्कर्ष अगदी उलटे. गिल्बर्टना त्यांच्यात विकृती दिसली. केली म्हणाले, यात जगावेगळं काही नाही, अशी माणसं कुठेही मिळतील. तो वाद पुढे कित्येक वर्षं चालला.

मला वाटतं दोघांनाही अर्धा-अर्धा हत्ती सापडला. वोबाचेव्स्की यांचाही भर त्या मूठभरांवर थोडा जास्तच आहे. मूळ माणसाला टोचणी नसेल, पण कारभार चालतो तो टोचणी असलेल्यांच्या हातांनी. सही करणारा, शिक्का मारणारा, यादीतून नाव गाळणारा. त्यांचं मन पहिल्यांदा खातं, रात्री झोप लागत नाही. मग कुणीतरी सांगतं, सगळेच करतात. मग हप्ता ठरतो. मग पोराची नोकरी. शेवटी तेच नव्या माणसाला समजावतात की बाबा, असंच असतं.

आणि या माणसांसाठी आपल्याकडे क्रियापद तयार आहे: निर्ढावणे. वर मी तक्रारीच्या सुरात म्हटलं की आपले सगळे शब्द 'झालेले' आहेत. पण समाज नासतो तो याच 'होण्या'तून. तेव्हा पॅथॉक्रसीला शब्द करताना वरच्या एकावर बेतायचा की खालच्या हजारांवर, हे आधी ठरवा. मी म्हणेन खालच्यांवर.

चाळीसगाव लोकल
एक भर घालतो. शिव्यांचे शब्द झाले, कौतुकाचे राहिले. तोच माणूस वर्तमानपत्रात 'मुरब्बी', 'चाणक्य', 'खेळी यशस्वी'. फ्लेक्सवर 'कार्यसम्राट'. जामिनावर सुटून आला की चौफुलीवर जेसीबीच्या बकेटमधून फुलं. परवा आमच्या स्टँडसमोर असाच फ्लेक्स होता. वर मोठा फोटो, गॉगल, खाली शुभेच्छुकांच्या रांगा. शेवटच्या रांगेत एका मास्तरांचा फोटो, पोरांना नागरिकशास्त्र शिकवतात ते. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की वर्गणीही दिलीय आणि फोटोही मागून घेतलाय.

वकीलसाहेब म्हणतात तो बाहेरचा लगाम, जनाची लाज, ती इथेच सुटते. 'माणूस खातो, पण कामं करतो' हे वाक्य आपण ज्या सुरात बोलतो तो सूर ऐका एकदा.

कोर्टकचेरी, जळगाव
'मॅनेज केलं' हाही त्याच यादीत घाला. लाच दिली म्हणायला जीभ अडखळायची, मॅनेज म्हणायला अडखळत नाही.

पांझराकाठ, धुळे
आतापर्यंतचं जुळवून मांडतो. माणसासाठी 'बिनटोचणीचा' कसा वाटतो? 'मन खाणे', 'टोचणी लागणे' हे रोजच्या बोलण्यातले आहेत, त्यामुळे अर्थ सांगावा लागणार नाही. राजवटीसाठी ताईंच्या क्रियापदावरून 'निर्ढावलेलं राज्य', किंवा नुसतं 'निर्ढावशाही'.

अमळनेरची ताई
'निर्ढावशाही' चालेल, झुंडशाहीच्या शेजारी शोभतो. 'बिनटोचणीचा' जरा औषधाच्या जाहिरातीसारखा वाटतो, 'बिनटोचणीची लस'. पण दुसरा सुचत नाही, तोवर राहू द्या. 'विकृतशाही' मात्र कुणी काढू नका. आजाऱ्याला शिवी दिल्यासारखं होतं, आणि माझे निम्मे विद्यार्थी मनोरुग्ण म्हणजे गुन्हेगार असंच समजून येतात. ज्यांना खरा मानसिक आजार आहे ती बिचारी माणसं या भानगडीत कुठेच नसतात.

कटिंग चहा, भुसावळ
मी निगरगट्टवर ठाम.

जुना गटसचिव, चोपडा तालुका
एक कामाचं विचारतो. सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सभा आहे. मी आता नुसता सभासद. उभं राहून चेअरमनला 'बिनटोचणीचा' म्हटलं तर इतिवृत्तात येईल का? की शिवी धरतील?

कोर्टकचेरी, जळगाव
नाना, शिवी नाही, पण नाव घेऊन म्हणालात तर अब्रुनुकसानीची नोटीस येऊ शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, जुन्या दंड संहितेतलं ४९९-५००. त्यापेक्षा अहवालातली थकबाकीदारांची यादी मागा आणि कुणाचं नवं-जुनं कोणत्या तारखेला झालं ते मोठ्याने विचारा. इतिवृत्तात प्रश्न लिहूनच घ्यायला लावा. आणि बोलायचंच असेल तर पुढारी बोलतात तसं बोला, "माझा विरोध व्यक्तीला नाही, प्रवृत्तीला आहे."

जुना गटसचिव, चोपडा तालुका
प्रवृत्तीला म्हणून आम्ही सगळे टाळ्या वाजवतो, त्यात ती प्रवृत्ती पहिल्या रांगेत बसून वाजवते. यादी मागतो.